या घरात राहता येईल का?

जपानमधल्या ओसाका शहरात सुमियोशी नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. तिथे १९७६ साली बांधलेले एक छोटे घर आज जगभरच्या वास्तुकलेच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते. रस्त्यावरून पाहिले तर काँक्रीटची एक कोरी भिंत आणि तिच्या मधोमध दाराची एक उभी फट, एवढेच दिसते. खिडकी नाही, छज्जा नाही, नक्षीची एक रेघही नाही. आत शिरल्यावर बैठकीची खोली लागते. तिच्यामागे आभाळाला उघडा असलेला चौक आणि चौकापलीकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. जिना चौकातच आहे. वर पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि दोन्हींना जोडणारा उघडा पूल. रात्री पाऊस पडत असताना पुढच्या खोलीतल्या माणसाला संडासला जायचे असेल, तर छत्री घेऊन निघावे लागते.

या छत्रीचा उल्लेख या घरावरच्या जवळपास प्रत्येक लेखात येतो. कुणी तो कौतुकाने करते, कुणी चेष्टेने. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ना कौतुक वाटले ना हसू आले. हे घर उभे राहिले त्या सुमारास आमचे बिऱ्हाड एका जुन्या वाड्यात होते. नळ चौकात, संडास चौकापलीकडे मागच्या अंगाला. पावसाळ्यात छत्री नाहीतर डोक्यावर पोत्याची खोळ, हातात कंदील, अशी आमची वरात निघे. एका श्रावणात आजी त्या चौकातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. पुढच्या वर्षी मालकांनी चौकावर पत्रे घातले.

त्यामुळे सुमियोशीच्या घराचा नकाशा पाहताना मला पहिला प्रश्न पडला तो आर्किटेक्टविषयी नव्हता. इथे राहणारी माणसे कोण होती, आणि त्यांनी हे कसे स्वीकारले? हा प्रश्न घेऊन मी ‘मिनिमल’ म्हणवल्या जाणाऱ्या घरांचा इतिहास मागे मागे वाचत गेलो. वाचताना लक्षात आले की हा इतिहास बहुतेक वेळा आर्किटेक्टच्या बाजूने लिहिलेला आहे. ज्यांनी पैसे दिले, जे त्या घरात झोपले, जेवले, आजारी पडले, ते तळटिपांत सापडतात. या लेखात त्या तळटिपा वर आणण्याचा प्रयत्न आहे.

भुवया नसलेली इमारत

‘मिनिमल’ हा शब्द तसा अलीकडचा. ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड वॉलहाइम यांनी १९६५ साली ‘मिनिमल आर्ट’ या नावाचा लेख लिहिला, त्यानंतर तो कलासमीक्षेत रुळला आणि तिथून घरांपर्यंत आला. घर निरलंकार असावे हा आग्रह मात्र त्याच्या अर्धशतक आधीचा आहे.

आडोल्फ लूस यांचा जन्म १८७० सालचा, ब्रनो शहरातला. पुढे ते व्हिएन्नाला स्थायिक झाले. अलंकरणाला थेट गुन्ह्याच्या पंगतीला बसवणारे त्यांचे व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यातला सौंदर्याचा मुद्दा सगळ्यांना आठवतो, पण त्यांचा मूळ मुद्दा बराचसा आर्थिक होता. नक्षीकाम म्हणजे कारागिराचे वाया गेलेले श्रम आणि वाया गेलेला माल, असे त्यांचे म्हणणे होते. १९१० च्या सुमारास व्हिएन्नात राजवाड्यासमोरच्या चौकात त्यांनी एक इमारत बांधायला घेतली. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांभोवती त्या काळच्या रिवाजाप्रमाणे महिरपी नव्हत्या. लोकांनी तिला ‘भुवया नसलेली इमारत’ म्हणायला सुरुवात केली. नगरपालिकेने काम थांबवले. शेवटी खिडक्यांखाली फुलझाडांच्या पेट्या लावायच्या, या तडजोडीवर वाद मिटला.

साधे म्हणजे स्वस्त हे लूस यांचे गणित तर्काला धरून होते. प्रत्यक्षात ते टिकले नाही, आणि त्याचे कारण कुठलाही गवंडी किंवा सुतार सांगेल. भिंत जमिनीला भेटते तिथे आपण पट्टी मारतो. दाराची चौकट भिंतीला भेटते तिथे कंगोरा काढतो. हे केवळ शोभेसाठी नसते. दोन वस्तू जिथे भेटतात तिथली फट, उंचसखलपणा, कारागिराच्या हाताची चूक या पट्टीखाली झाकली जाते. पट्टी काढून टाकली की सांधा उघडा पडतो आणि मग तो बिनचूकच असावा लागतो. बिनचूकपणा महाग असतो. या लेखातल्या पहिल्या दोन घरांच्या हिशेबात ही गोष्ट स्पष्ट दिसते.

ब्रनो: एका मासिकातला प्रश्न

लूस यांच्याच जन्मगावी, ब्रनोत, १९३० साली एक घर पूर्ण झाले. ग्रेटे आणि फ्रिट्झ टुगेंडहाट या तरुण ज्यू दांपत्याचे ते घर. ग्रेटे यांचे माहेर मोठे कापड कारखानदार. जमीन आणि घर ही वडिलांनी लग्नात दिलेली भेट. आर्किटेक्ट होते जर्मनीचे लुडविग मीस व्हान डेर रोह. ‘कमी म्हणजेच अधिक’ हे सूत्र ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, तेच हे मीस.

घराचा सांगाडा पोलादी होता, त्यामुळे आतल्या भिंतींवर छताचा भार नव्हता. मुख्य मजल्यावर बैठक, अभ्यासिका आणि जेवणाची जागा मिळून एकच प्रशस्त दालन होते. त्यात मोरोक्कोहून आणलेल्या ऑनिक्स दगडाची एक सरळ भिंत आणि मकासर एबनी लाकडाची एक अर्धवर्तुळाकार भिंत. बागेकडची बाजू पूर्ण काचेची, आणि त्यांतल्या दोन अवाढव्य काचा विजेच्या मोटरने खाली तळघरात सरकत. बाकी दालन मोकळे. हे मोकळेपण किती खर्चिक होते, हे वेगळे सांगायला नको.

१९३१ मध्ये ‘दी फॉर्म’ या जर्मन मासिकात युस्टुस बीअर या समीक्षकाने या घरावर लेख लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता: टुगेंडहाट घरात राहता येईल का? त्यांचा आक्षेप असा की जिथे चित्र टांगायला भिंत नाही, जिथे खुर्ची जरा सरकवली तरी रचना बिघडते, तिथे माणूस राहत नाही, तर स्वतःचे प्रदर्शन मांडतो. वाद पेटला. मग एक दुर्मिळ गोष्ट घडली: घरमालकांनीच मासिकाला उत्तर लिहिले. ग्रेटे यांचे म्हणणे थोडक्यात असे की आपल्याला प्रशस्त, स्पष्ट आणि साध्या आकारांचे आधुनिक घर हवे होते, आणि तसेच ते मिळाले. त्या जागेचे आपल्यावर दडपण येत नाही. तिथला कडकपणा आपल्याला मोकळे करतो. अशा मोकळ्या जागेत एखादे फूल किंवा एखादे माणूस अधिक ठळक दिसते. फ्रिट्झ यांनीही होकारच भरला.

मला हे उत्तर प्रामाणिक वाटते. तरी त्यासोबत घराचा नकाशा पाहिला पाहिजे. झोपायच्या खोल्या वेगळ्या मजल्यावर, दार लावून घेता येईल अशा. नोकरचाकरांसाठी स्वतंत्र खोल्या. तळघरात धुण्याची खोली, हवा गाळून गरम-थंड करणारी यंत्रे, एवढेच नव्हे तर फरचे कोट कसरीपासून सुरक्षित ठेवायला एक वेगळी खोलीही होती. वरचे दालन रिकामे राहू शकले, कारण खालचे तळघर भरलेले होते. पसारा नाहीसा झालेला नव्हता. तो नजरेआड गेला होता आणि तो आवरायला माणसे होती. ‘राहता येईल का’ या प्रश्नाला ग्रेटे यांनी ‘हो’ म्हटले. तो प्रश्न स्वयंपाकिणीला किंवा मुलांच्या दाईला कुणी विचारला नाही.

या कुटुंबाला तिथे जेमतेम आठ वर्षे मिळाली. नाझींच्या भयाने १९३८ मध्ये ते देश सोडून गेले, आधी स्वित्झर्लंडला आणि मग व्हेनेझुएलाला. घर गेस्टापोने जप्त केले. युद्धाच्या शेवटी रशियन सैन्य तिथे उतरले, त्यांचे घोडेही आत होते. पुढे त्याच दालनात नृत्यशाळा चालली आणि नंतर मुलांच्या व्यायामोपचाराचे केंद्र. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेटे पुन्हा ब्रनोला आल्या आणि घराच्या जतनाच्या प्रयत्नांना त्यांनी पाठिंबा दिला. ज्या घरातून आपल्याला हाकलले गेले, त्याच्याविषयी तीस वर्षांनंतरही त्यांचे मत बदललेले नव्हते. २००१ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झाले.

प्लेनो: कोर्टातले उत्तर

दुसरे घर त्याच आर्किटेक्टचे, पण अमेरिकेतले. डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या शिकागोतल्या नामवंत मूत्रपिंडतज्ज्ञ. अविवाहित, संगीत आणि कवितेची उत्तम जाण असलेल्या. १९४५ मध्ये एका मेजवानीत त्यांची मीस यांच्याशी ओळख झाली. शहरापासून दूर, प्लेनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी त्यांची जमीन होती. तिथे सुटीच्या दिवसांसाठी एक लहान घर हवे होते.

मीस यांनी आठ पांढऱ्या पोलादी खांबांवर जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच तोलून धरलेली काचेची एक पेटी रचली. चारही बाजू काच. आत एकच खोली, मध्ये लाकडी गाभा. त्यात दोन न्हाणीघरे, एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या बाजूला शेकोटी. खांब आणि छत जिथे जोडले आहेत तिथली जोडणी दिसू नये म्हणून ती घासून, बुजवून रंगवली. इथेही सांधा उघडा, म्हणून तो बिनचूक. अंदाज साधारण ४० हजार डॉलरचा होता, खर्च ७० हजारांच्या पुढे गेला.

सुरुवातीला दोघांचे मेतकूट होते. नदीकाठच्या सहली, लांबलचक चर्चा, सगळे झाले. १९५१ मध्ये घर तयार होईपर्यंत संबंध तुटले होते. मीस यांनी थकलेल्या रकमेसाठी दावा लावला, डॉ. फार्न्सवर्थ यांनी उलट दावा लावला. १९५२ मध्ये साक्षी झाल्या. निष्कर्ष मीस यांच्या बाजूने गेला आणि शेवटी तडजोड झाली. दोघांत प्रेमसंबंध होते आणि ते फिसकटले म्हणून बाई कोर्टात गेल्या, ही कुजबुज त्या वेळेपासून आजवर चालत आली आहे. या कुजबुजीने एक काम चोख केले: एका ग्राहकाच्या तक्रारीचे तिने प्रेमभंगात रूपांतर केले.

तक्रारी काय होत्या, ते पाहू. उन्हाळ्यात काचेची पेटी तापे आणि हवा खेळायला दार सोडले तर एका टोकाला खाली दोन लहान झडपा एवढीच सोय. हिवाळ्यात काचांवर बाष्प साचे. रात्री दिवा लावला की नदीकाठचे सगळे किडे काचेवर जमत. कपडे टांगायला जागा नव्हती, कपाट नंतर वेगळे करून घ्यावे लागले. एका मासिकाला त्यांनी सांगितले होते की ओट्याखाली कचऱ्याची बादलीसुद्धा ठेवता येत नाही, कारण ती रस्त्यावरून दिसते. आणि लोक बघायला येतच असत. एकट्या राहणाऱ्या बाईच्या झोपायच्या जागेभोवती नुसती काच, आणि बाहेर कॅमेरे घेतलेले वास्तुकलेचे भक्त.

यात एकही तक्रार सौंदर्यदृष्टीच्या अभावातून आलेली मला दिसत नाही. टुगेंडहाटांकडे तळघर होते, पडदे होते, वरचा मजला होता. इथे त्याच विचारातून तळघर वजा केले, नोकर वजा केले, भिंती वजा केल्या. उरलेली बेरीज एका माणसाच्या अंगावर पडली. नदीच्या पुराचा अंदाजही चुकला. १९५४ मध्ये पाणी घरात शिरले, आणि १९९६ मध्ये तर काच फोडून आले.

तरीही डॉ. फार्न्सवर्थ यांनी ते घर वीस वर्षे वापरले. आपल्या आवडीच्या खुर्च्या मांडल्या, डासांसाठी ओसरीला जाळी बसवली. पुढे घर लंडनच्या पीटर पलंबो या धनिकाला विकले. त्याने जाळी काढली आणि मीस यांचे फर्निचर आणून ठेवले. बाई इटलीला गेल्या, तिथे त्यांनी माँटाले यांच्यासारख्या कवींचे इंग्रजी अनुवाद केले आणि १९७७ मध्ये तिथेच वारल्या. २००३ च्या लिलावात घर ७५ लाख डॉलरना राष्ट्रीय वारसा न्यासाने मिळवले. २०२० मध्ये बाईंच्या काळातल्यासारखे फर्निचर मांडून तिथे प्रदर्शन झाले आणि २०२१ मध्ये घराचे अधिकृत नाव ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ असे करण्यात आले. आडनावात हरवलेली बाई सत्तर वर्षांनी पूर्ण नावाने परत आली.

ओसाका: राहून दिलेले उत्तर

आता पुन्हा सुमियोशीकडे. या घराचे आर्किटेक्ट तादाओ आंदो यांचा जन्म १९४१ चा, ओसाकातलाच. आजीने वाढवलेला हा मुलगा नागायात, म्हणजे एकमेकांना भिंती लागून असलेल्या लाकडी घरांच्या रांगेत लहानाचा मोठा झाला. चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्यांच्या घरावर मजला चढवायचे काम निघाले. छप्पर उघडले तेव्हा कायम अंधाऱ्या असलेल्या घरात उजेडाचा झोत आला, ही आठवण ते वारंवार सांगतात. सतराव्या वर्षी मुष्टियोद्ध्याचा परवाना मिळवला. वास्तुकलेचे कॉलेज कधी पाहिले नाही. जुन्या बाजारात मिळालेले ल कार्बूझिएचे पुस्तक समोर ठेवून त्यातले नकाशे गिरवत शिकले. शाळेबाहेर शिकलेल्या माझ्यासारख्याला या माणसाविषयी जरा अधिक आपुलकी वाटते, हे कबूल करतो. १९६५ मध्ये ते सैबेरियामार्गे युरोपला गेले. पॅरिसला पोचले त्याच्या जरा आधीच कार्बूझिए वारले होते. परतीच्या प्रवासात ते मार्सेलहून बोटीने आफ्रिकेच्या किनाऱ्याने मुंबईला आले आणि तिथून रेल्वेने वाराणसीला गेले.

१९६९ मध्ये त्यांनी ऑफिस काढले. सुमियोशीचे काम आले ते एका सामान्य उत्पन्नाच्या दांपत्याचे. तीन जोडघरांतले मधले घर काढून त्या जागी नवे बांधायचे होते. जागा जेमतेम ५७ चौरस मीटर, रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास, लांबी चौदा. पैसा थोडा. अशा जागेत कुणीही इंच न् इंच खोल्यांनी भरला असता. आंदो यांनी लांबीचे तीन भाग केले आणि मधला भाग आभाळाला देऊन टाकला. बाहेर गजबजलेली वस्ती, तिच्याकडे पाठ. उजेड, वारा, पाऊस जे काही यायचे ते चौकातून. खाली दगडी फरशी, वर लाकडी तक्तपोशी, बाकी सगळे उघडे काँक्रीट. थंडी वाजली तर काय, या प्रश्नावर आंदो यांचे ठरलेले उत्तर होते: आणखी एक सदरा घाला.

पारितोषिकाच्या पाहणीसाठी ज्येष्ठ आर्किटेक्ट तोगो मुरानो हे घर बघायला गेले होते. पारितोषिक द्यायचे तर ते इथे राहणाऱ्यांना द्यायला हवे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे आंदो स्वतःच सांगतात. १९७९ मध्ये जपानच्या वास्तुकला संस्थेचे पारितोषिक या घराला मिळाले, अर्थात आर्किटेक्टच्या नावाने. १९९५ मध्ये आंदो यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. हे दांपत्य मात्र तिथेच राहिले. एखाददुसरे वर्ष नव्हे, दशकानुदशके. चौकावर पत्रे घातले नाहीत.

मी या मुद्द्यावर बराच काळ अडकलो होतो. आमच्या वाड्यातही चौक होता, उजेड होता, पाऊस होता. मग तिथला चौक आमच्यासाठी शिक्षा आणि इथला वरदान कसा? याचे एक उत्तर सोपे आहे: आमच्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आणि एक चौक, इथे दोन माणसे आणि एक चौक. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्या दांपत्यापुढे नकाशा होता. छत्री घ्यावी लागेल हे त्यांना आधी माहीत होते, आणि तरीही त्यांनी होकार दिला. आजीला कुणी नकाशा दाखवला नव्हता.

नकाशा कुणाच्या हातात

तीन घरे, एकच प्रश्न, तीन उत्तरे. एकाने मासिकात ‘हो’ लिहिले, एकाने कोर्टात ‘नाही’ म्हटले, एकाने काही न बोलता राहून दाखवले. यांतले कुठले घर अधिक रिकामे, यावरून उत्तर ठरलेले नाही. पैशावरूनही नाही. सगळ्यांत थोडक्या पैशांत बांधलेल्या घरातली माणसे सगळ्यांत जास्त टिकली. फरक पडला तो या गोष्टीने, की काय वजा करायचे हे ठरवताना राहणाऱ्याला विचारले होते का आणि वजा केलेल्याचे ओझे पुढे कुणी वाहिले.

आपल्याकडे या प्रश्नाची जाण असलेला एक मोठा आर्किटेक्ट होऊन गेला. ‘आभाळाला उघडी जागा’ हा चार्ल्स कोरिया यांच्या विचाराचा गाभा होता. नवी मुंबईत बेलापूरला १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बैठ्या घरांची वसाहत उभारली. लहानशा सामाईक चौकाभोवती सात-सात घरे, प्रत्येक घराला स्वतःचे अंगण, आणि कुठलीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. भिंती वेगळ्या ठेवण्याचा हेतू हा, की राहणाऱ्याला पुढे आपल्या ऐपतीने घर वाढवता यावे. लोकांनी ते मनसोक्त वाढवले. आज तिथे मूळ रूपातली घरे शोधावी लागतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना याची हळहळ वाटते. मला वाटते, राहता येईल का या प्रश्नाला बेलापूरने दिलेले ते चौथे उत्तर आहे.

अलीकडे आपल्या शहरांतही कोऱ्या भिंतींची, बिनपट्टीच्या दारांची घरे होऊ लागली आहेत. ती मला आवडतात. पण अशा घरात गेलो की दोन गोष्टी बघायची मला सवय लागली आहे. पसारा कुठे गेला, आणि तो आवरते कोण? बहुतेक वेळा उत्तर एका बंद दारामागे असते, धुण्याच्या मशीनजवळ, जिथे पंखा नसतो.

आमच्या वाड्याच्या चौकावर पत्रे पडले तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर पावसात कुणी भिजले नाही, कुणी घसरले नाही. खालच्या चार खोल्यांत मात्र भर दुपारी दिवे लावावे लागू लागले. आंदो यांच्या घरी मजूर छप्पर उघडत होते, आमच्याकडे ते बंद करत होते. दोन्ही वेळा घरातल्या पोराने वर पाहिले असणार. पत्रे घालणे चूक होते असे मला कधीही म्हणता आले नाही, आणि गेलेला उजेडही विसरता आला नाही.